नकाशातील रिकामी जागा आणि देवाची जमीन

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमवारीत ‘४० जे’ हे पान जैसलमेरचे आहे. उत्तर अक्षांश २६ ते २७ आणि पूर्व रेखांश ७० ते ७१ या चौकटीतील ही भूमी, एका इंचास चार मैल या प्रमाणाने कागदावर उतरविलेली, प्रथमदर्शनी पाहणाऱ्यास फार थोडे सांगते: ईशान्य कोपऱ्यात जैसलमेरचा किल्ला व शहर, तेथून फुटणाऱ्या उंटांच्या वाटा, वाळूच्या टेकड्या दर्शविणारे असंख्य बारीक ठिपके, आणि त्या ठिपक्यांमध्ये फार अंतराने एखादे गाव, एखादी विहीर, एखादे देऊळ. बाकीचा कागद मोकळा आहे. तेथे काही नाही म्हणून तो मोकळा राहिला, की तेथे जे होते ते दाखविण्याचे चिन्ह नकाशाकाराजवळ नव्हते म्हणून मोकळा राहिला, हा प्रश्न वरवर भूगोलाचा वाटतो. परंतु त्या वाळवंटात राहणाऱ्या समाजाचा इतिहास या नकाशांच्या आधारे वाचू लागले म्हणजे तो धर्माचा व तत्त्वज्ञानाचा प्रश्न होतो, आणि आज त्याच्या उत्तरावर हजारो बिघे जमिनीचे भवितव्य अवलंबून आहे.

ज्यांनी हे नकाशे केले त्यांच्या श्रमांविषयी प्रथम आदर व्यक्त करणे उचित होय. १८०२ साली लॅम्बटनने मद्रासजवळ आधाररेषा मोजून ज्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घातला, त्याची एक शाखा १८५० च्या सुमारास माळव्यातील सिरोंजपासून निघून, अरवली ओलांडून, थरच्या वाळूतून थेट कराचीपर्यंत नेण्यात आली. त्या त्रिकोणांच्या जाळ्यात पुढील पिढ्यांतील भूमापकांनी तपशील भरला. तिपाईवर फलक मांडावा, दूरचे शिखर, छत्री किंवा देवळाचा कळस पट्टीने साधावा, रेघ ओढावी आणि मग भेटेल त्या मेंढपाळाला विहिरीचे नाव विचारून ते टिपून घ्यावे, असे हे काम होते. आणि जेथे वर्षाला पंधरा-वीस सेंटिमीटरच पाऊस पडतो तेथे पुढच्या मुक्कामी पाणी आहे की नाही यावर ते काम करणाऱ्याचे प्राण अवलंबून असत. म्हणूनच की काय, नकाशाच्या समासातील चिन्हांच्या यादीत कमालीचा विवेक दिसतो. पक्की बांधलेली विहीर निराळी आणि कच्ची निराळी. स्थिर वाळूची टेकडी निराळी आणि वाऱ्याबरोबर सरकणारी निराळी. नांदते गाव निराळे आणि उजाड गाव निराळे. देऊळ, छत्री, मशीद, ईदगाह, थडगे यांना प्रत्येकी आपापले चिन्ह. परक्या सत्तेने महसूल आणि लष्कर यांच्या गरजेपोटी करविलेल्या या कागदांत सत्याविषयीची एक निष्ठा आहे, आणि ती नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

या पानांवरून वाळवंटातील जनजीवनाचा इतिहास खरोखरच वाचता येतो. सीमेलगतचा मुलूख असल्यामुळे भारतीय पाने सामान्य वाचकास दीर्घकाळ दुर्लभ होती; तथापि अमेरिकन सैन्याच्या नकाशा विभागाने १९५० च्या दशकात याच प्रदेशाची १:२,५०,००० प्रमाणाची जी पाने छापली ती आज कोणालाही पाहता येतात, आणि त्यांत जुन्या मोजणीचा बराच अंश टिकून आहे. जैसलमेरहून पश्चिमेस सिंधकडे जाणाऱ्या वाटा त्यांत दिसतात. त्या वाटांनी व्यापाऱ्यांचे तांडे जात, आणि हिंगलाज मातेच्या दर्शनास बलुचिस्तानच्या डोंगरांत निघालेले यात्रेकरूही जात. १९४७ नंतर या वाटांवर एक आंतरराष्ट्रीय रेषा आडवी आली आणि विहिरीमागून विहीर जोडीत गेलेल्या त्या वाटांचा अर्थच नाहीसा झाला. पुढच्या पानांवर कालव्याची सरळ रेघ उमटते. १९५८ साली ज्याची कोनशिला बसली तो राजस्थान कालवा, म्हणजे आजचा इंदिरा गांधी कालवा, १९८७ साली जैसलमेर जिल्ह्यातील मोहनगडपर्यंत पोहोचला, आणि जेथे पूर्वी सेवण गवताचे माळ होते तेथे चौकोनी शेते आखली गेली.

जैसलमेरच्या नैऋत्येस पंधरा-सतरा किलोमीटरांवर कुलधरा आहे. पालीवाल ब्राह्मणांचे हे गाव आणि आसपासची त्यांची अनेक गावे (परंपरा चौऱ्याऐंशी सांगते) एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओस पडली. दिवाण सालिमसिंहाच्या जुलमास कंटाळून सारा समाज एका रात्रीत निघून गेला आणि जाताना येथे पुन्हा कोणी वसणार नाही असा शाप देऊन गेला, ही आख्यायिका आज प्रवाशांना मोठ्या रंगतीने सांगितली जाते. राजस्थानचा इतिहास लिहिणाऱ्या कर्नल टॉडच्या ग्रंथात या दिवाणाच्या लोभाची व जुलमाची हकीकत येते, त्यामुळे आख्यायिकेच्या तळाशी इतिहास आहे यात शंका नाही. पाणी आटणे आणि व्यापाराचे मार्ग बदलणे ही कारणेही अभ्यासकांनी पुढे मांडली आहेत. नकाशा मात्र कारणाविषयी मौन पाळतो आणि उजाड गावाचे चिन्ह घालून थांबतो. पण त्या चिन्हाच्या आसपास, कोठेही वस्ती नसलेल्या उतारांच्या पायथ्याशी, आपल्याला मातीच्या लांब बांधांच्या रेघा आढळतात. हे खडीन. खडकाळ माळावरून वाहून येणारे पावसाचे पाणी अडवायचे, ते हळूहळू जिरू द्यायचे आणि त्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा काढायचा, ही पालीवालांची विद्या होय. माणसे गेली, गावाचे उजाडपण कागदावर नोंदले गेले, आणि त्यांच्या बुद्धीचे व श्रमांचे काम त्याच कागदावर एका बारीक रेघेच्या रूपाने टिकून राहिले. त्यांपैकी कित्येक खडिनांत इतर लोक आजही पीक घेतात. शापाची कथा ऐकणाऱ्यांपैकी किती जण त्या बांधांकडे पाहतात, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

येथवर नकाशा आणि इतिहास यांची संगती उत्तम लागते, कारण विहीर, बांध, भिंत, वाट या डोळ्यांनी दिसणाऱ्या वस्तू आहेत. अडचण येते ती ओरणापाशी.

ओरण म्हणजे देवतेच्या नावाने राखलेली भूमी. पश्चिम राजस्थानात अशी ओरणे जागोजाग आहेत. कोणी पाबूजींच्या नावाने, कोणी रामदेवजींच्या, कोणी चारण कुळात जन्मलेल्या आवड मातेच्या किंवा तिच्या परिवारातील एखाद्या देवीच्या नावाने राखलेली. देशनोक येथील करणी मातेच्या देवळाभोवतीचे बोरींचे ओरण प्रसिद्ध आहे. जैसलमेरच्या आग्नेयेस, शेजारच्या ‘४० एन’ या पानात येणाऱ्या प्रदेशात, देगराय मातेचे ओरण आहे, आणि तेथील लोक त्याचा विस्तार साठ हजार बिघे सांगतात. ओरणात कुऱ्हाड चालवायची नाही, नांगर घालायचा नाही. गुरे, उंट, मेंढ्या यांनी मात्र खुशाल चरावे. वाळून पडलेले लाकूडसुद्धा देवीच्या कामासाठी किंवा चितेसाठी उचलावे, चुलीसाठी नव्हे, असा दंडक अनेक ठिकाणी पाळला जातो. खेजडी (जिला आपण शमी म्हणून दसऱ्याला पुजतो), केर, जाळ, रोहिडा, बोरडी ही तेथील झाडे. त्यांच्या सावलीत हरणे येतात, आणि जो पक्षी आपण सोलापूरकडे माळढोक म्हणून ओळखतो तो गोडावणही येतो. पावसाचे पाणी ओरणातील आगोरावरून, म्हणजे तळ्याकडे उतरणाऱ्या राखलेल्या भूमीवरून, वाहत तळ्यात साठते आणि गुरे ते पितात. हद्द कायम करताना दुधाची किंवा गंगाजलाची धार धरीत भोवती प्रदक्षिणा घालण्याची चाल होती असे सांगतात. ती धार वाळूत क्षणार्धात जिरून गेली असणार. पण तिने आखलेली मर्यादा पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या पायांनी व स्मृतीने सांभाळली. वृक्षासाठी प्राण देण्यापर्यंत ही निष्ठा जाऊ शकते हे १७३० साली जोधपूरजवळ खेजडली येथे अमृतादेवींसह ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी दाखवून दिले आहे.

आता नकाशा उघडावा. देवीचे देऊळ त्यात आहे. देवळाचे चिन्ह आहे, त्याच्या शेजारी एखादे तळे आहे. ओरण मात्र नाही. समासातील यादीत त्याला चिन्हच नाही. देवळाभोवतीचा मैलोगणती मुलूख विरळ झुडपे म्हणून किंवा वाळू म्हणून नोंदलेला आहे. भूमापकाने लबाडी केली असे मुळीच नाही. त्याच्या डोळ्यांना झुडपे दिसली, त्याने झुडपे लिहिली. कोणी तेथे कुऱ्हाड चालवीत नाही, ही गोष्ट फलकावर पट्टी ठेवून साधण्यासारखी नव्हती. न केलेल्या कृतींची सीमा कोणत्या शाईने काढावी?

आपल्या दर्शनकारांनी या प्रश्नाच्या मुळाशी असलेला विषय फार सूक्ष्मपणे हाताळला आहे. एखादी वस्तू नाही हे आपल्याला कसे कळते? भाट्ट मीमांसक आणि अद्वैती म्हणतात की अभावाचे ज्ञान अनुपलब्धी या स्वतंत्र प्रमाणाने होते. नैयायिक ते स्वतंत्र प्रमाण मानीत नाहीत आणि अभावही प्रत्यक्षानेच कळतो म्हणतात. तथापि एका गोष्टीवर दोघांचेही एकमत आहे. नुसते न दिसणे पुरेसे नाही. जी वस्तू असती तर अवश्य दिसली असती, तिचे न दिसणे तेवढे प्रमाण. उजेडात जमिनीवर घट दिसला नाही तर घट नाही असे म्हणता येते, अंधारात म्हणता येत नाही. आणि पाप-पुण्यासारख्या अतींद्रिय गोष्टी भर उजेडात दिसल्या नाहीत म्हणून त्या नाहीत असेही म्हणता येत नाही. दिसण्याजोग्या वस्तूच्या न दिसण्यालाच योग्यानुपलब्धी म्हणतात. पंडितांच्या वादसभेतला हा मुद्दा महसुली दप्तरात एवढा उपयोगी पडेल असे त्या आचार्यांच्या स्वप्नातही आले नसेल; पण नकाशाच्या मौनाचा विचार करताना याहून अचूक कसोटी मला दुसरी दिसत नाही. नकाशात विहीर दाखविलेली नाही, तर तेथे त्या वेळी विहीर नसावी असे अनुमान रास्त आहे, कारण विहीर टिपण्याची पात्रता नकाशात होती. नकाशात देवभूमी दाखविलेली नाही, म्हणून तेथे देवभूमी नव्हती असे म्हणणे सर्वस्वी अप्रमाण आहे, कारण ती टिपण्याची पात्रताच त्याच्यात नव्हती. पहिल्या विधानाची विश्वसनीयता दुसऱ्या विधानास उसनी देणे, येथे सारा अनर्थ झाला आहे.

तो अनर्थ असा. संस्थाने विलीन झाली, १९५२ च्या कायद्याने राजस्थानातील जहागिऱ्या गेल्या, नवी जमाबंदी झाली. शेतकऱ्याच्या खात्यात जी जमीन दाखल झाली नाही ती सिवायचक म्हणून, म्हणजे सरकारी पडीक म्हणून, दप्तरात गेली. काही ओरणांची ओरण म्हणून नोंद झाली. कित्येकांचा काही भागच तसा नोंदला गेला. पुष्कळांची नोंद अजिबात झाली नाही. महाराजांची सनद, ताम्रपट किंवा नुसती वहिवाट यांवर विसंबून राहिलेल्या मेंढपाळांस तहसिलीतील त्या कागदाचे महत्त्व तेव्हा कसे कळावे? पुढे जेव्हा सूर्याच्या व वाऱ्याच्या शक्तीपासून वीज काढण्याचा उद्योग आला तेव्हा त्यास जी विस्तीर्ण, सपाट, कोणाच्याच नावावर नसलेली जमीन हवी होती ती दप्तरात तयारच होती. उच्चदाबाच्या तारा आल्या. गोडावण हा जड अंगाचा पक्षी. त्याला समोरचे नीट दिसत नाही. उडताना तो त्या तारांना धडकून मरतो. याच कारणास्तव एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्या तारांविषयी आदेश द्यावे लागले. तेथील मेंढपाळ विजेचे शत्रू नाहीत आणि हे लिहिणाराही नाही; धुराविना मिळणारी वीज ही लोककल्याणाचीच गोष्ट आहे. परंतु ज्या कागदाच्या आधारे जागा निवडली तो कागद त्या जागेविषयी साक्ष देण्यास अपात्र होता, एवढे तरी निवड करणाऱ्याने जाणले पाहिजे.

येथे एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो नास्तिकाकडून न येता वेदनिष्ठ मीमांसकाकडूनच येतो. देव जमिनीचा मालक असू शकतो काय? जैमिनीच्या मीमांसासूत्रांतील नवव्या अध्यायावर भाष्य करताना शबरस्वामींनी याचे उत्तर स्पष्ट नकारार्थी दिले आहे. जो एखाद्या वस्तूचा आपल्या इच्छेप्रमाणे विनियोग करू शकतो त्याची ती वस्तू. देवता गावाचा किंवा शेताचा असा विनियोग करताना आढळत नाही. म्हणून देवाचे गाव, देवाचे शेत हे बोलणे केवळ औपचारिक आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. वेदान्त्यांना हे मान्य नाही. बादरायण व शंकराचार्य देवतांना विग्रह, म्हणजे शरीर, आहे असे मानतात. आधुनिक न्यायालयांनीही वेगळीच वाट धरली. प्रतिष्ठित मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने एक व्यक्ती आहे हे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलने १९२५ च्या मलिक खटल्यात ठामपणे मांडले. पण या तत्त्वाने देवळाचे रक्षण होते, ओरणाचे फारसे होत नाही, कारण ओरण हे बहुधा मूर्तीच्या मालमत्तेच्या स्वरूपाचे नसते. तेथे पुजाऱ्याला खंड मिळत नाही, उत्पन्नाचा हिशेब नसतो. मग शबरस्वामींच्या कसोटीस ओरण उतरत नाही असेच म्हणावे लागेल काय?

मला असे वाटते की शबरस्वामींचाच विचार पुढे नेला तर ओरणाचा खरा अर्थ उलगडतो. त्याच मीमांसाशास्त्राच्या सहाव्या अध्यायात विश्वजित यज्ञाचा विचार आहे. त्या यज्ञात यजमानाने सर्वस्व दान करायचे असते. तेव्हा प्रश्न निघतो की सार्वभौम राजाने सगळी पृथ्वीच देऊन टाकावी काय? उत्तर असे की नाही, कारण पृथ्वी सर्वांना सारखीच आहे. शेताची मालकी शेत करणाऱ्याची असेल, पण समग्र भूमीवर राजाचे स्वामित्व नाही, रक्षणाबद्दल त्याला हिस्सा मिळतो इतकेच. ज्या राज्यपद्धतीत न नोंदलेली प्रत्येक तसू जमीन आपोआप सरकारची होते तिने हा जुना निर्णय एकदा तरी वाचावयास हवा होता.

दुसरे असे की मीमांसकांच्या मते याग म्हणजे देवतेला उद्देशून केलेला द्रव्याचा त्याग, आणि जिला उद्देशून त्याग करायचा ती देवता. देवतेने वस्तू घेतली की नाही हा प्रश्न तेथे गौण आहे. माणसाने ती सोडली की नाही हा मुख्य. याला जोडूनच धर्मशास्त्रातील उत्सर्गाची कल्पना ध्यानात घ्यावी. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडात तळी, विहिरी, बागा यांच्या उत्सर्गाचे विवेचन करताना दान आणि उत्सर्ग यांतील भेद दाखविला आहे. दानात एकाचे स्वत्व संपते आणि दुसऱ्याचे उत्पन्न होते. उत्सर्गात देणाऱ्याचे स्वत्व संपते, पण दुसऱ्या कोणा एकाचे उत्पन्न होत नाही, वस्तू सर्व प्राणिमात्रांसाठी मोकळी होते, आणि देणाराही त्यांच्यातलाच एक म्हणून तिचा उपभोग घेऊ शकतो. ओरण हा भूमीचा उत्सर्ग आहे. देगराय मातेला ती जमीन हवी होती म्हणून लोकांनी दिली असे नाही. ही जमीन आपल्यापैकी कोणाचीही नसावी असे लोकांनी ठरविले आणि त्या निश्चयास साक्षी म्हणून देवीला बोलाविले. रोज सकाळी मेंढ्या घेऊन निघालेला मनुष्य वाटेतल्या खेजडीवर हात टाकीत नाही, तेव्हा तो याग त्या दिवसापुरता पुन्हा घडतो. त्या मेंढपाळाला हे विवरण सांगितले तर तो ते ऐकून घेईल आणि देवी पाहते आहे एवढेच म्हणेल; त्याच्या त्या बोलण्यात आणि मीमांसकाच्या सिद्धान्तात तत्त्वतः केवढेही अंतर असो, आचरणात काडीचेही नाही.

आपल्याकडे विनोबांनी भूमी ही परमेश्वराची आहे या एकाच श्रद्धेवर १९५१ साली भूदानाची चळवळ उभी केली. जमीन देवाची, म्हणून ती भूमिहीनांना वाटून द्या, हा त्यांचा निष्कर्ष होता. वाळवंटातील मेंढपाळांनी त्याच श्रद्धेतून वेगळा निष्कर्ष काढला: जमीन देवाची, म्हणून ती कोणालाच वाटू नका. या दोहोंत मला विरोध दिसत नाही. जेथे एका पावसावर शेत पिकते तेथे वाटणीने न्याय होतो. जेथे पाऊस या वर्षी एका बाजूला आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याच बाजूला पडतो, तेथे तुकडे पाडले तर ज्याच्या तुकड्यावर पाऊस पडला नाही त्याची गुरे मरतात. न वाटणे हाच त्या भूमीचा न्याय आहे.

ओरणांविषयी बोलताना सगळेच गोड बोलावे असे मात्र नाही. जेथे ठाकुरांचा किंवा पुजाऱ्यांचा वरचष्मा होता तेथे देवीच्या नावाने दुबळ्या जातींना तळ्यापासून दूर ठेवण्याचे प्रकार झाले नसतील असे कोणी म्हणू नये. देवाच्या नावाने माणसाला माणसापासून तोडण्याचा रोग आपल्या समाजात सर्वत्र आहे. शिवाय ओरणावर अतिक्रमण करणारे सगळेच बाहेरून आलेले नव्हते. पण या दोषांमुळे उत्सर्गाचे तत्त्व खोटे ठरत नाही. उलट तेच तत्त्व या दोषांचा निवाडा करते, कारण जी भूमी सर्व प्राणिमात्रांसाठी सोडली तीवर एका माणसाला मज्जाव करणारा तो उत्सर्गच मोडीत असतो.

मग ओरणाची सीमा आता नकाशावर काढावी काय? जी मर्यादा स्मृतीत आहे ती कागदावर आणली की स्मृतीची गरज संपते, मर्यादा भूमापकाच्या ताब्यात जाते आणि पुढे कागदाबाहेरची चार झाडे तोडण्यास मोकळीक मिळते, अशी भीती काही विचारी लोक बोलून दाखवितात, आणि ती निराधार नाही. तरीही माझे मत सीमा काढावी असेच आहे. ज्या युगात कागदावर नसलेली वस्तू नाहीच असे गृहीत धरले जाते, त्या युगात न नोंदण्याचे व्रत पाळणे म्हणजे ती भूमी गमावणे होय. मात्र ती सीमा चालणाऱ्यांच्या पायांनी ठरावी. देगरायच्या ओरणाभोवती अलीकडच्या वर्षांत लोकांनी पुन्हा परिक्रमा सुरू केल्या, त्यांत हेच शहाणपण आहे. ज्या वाटेने समुदाय प्रदक्षिणा घालतो तीच हद्दीची रेघ. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान सरकारला ओरणांसारख्या देवभूमींची प्रत्यक्ष जागेवर आणि उपग्रहचित्रांच्या साहाय्याने नकाशे करून मोजणी करण्यास सांगितले, लहान-मोठ्या आकाराचा विचार न करता लोकांच्या दृष्टीने त्यांचे जे प्रयोजन व महत्त्व आहे ते पाहून त्या ओळखाव्यात असे बजावले, आणि त्यांना वन्यजीव कायद्याखाली समुदाय-राखीव क्षेत्राचा दर्जा देण्याची दिशा दाखविली. भूमापकाच्या यादीत जे चिन्ह दीडशे वर्षे नव्हते ते घालण्याचा आदेश झाला आहे. त्याची अंमलबजावणी कशी होते यावर सारे आहे.

महाराष्ट्रातील वाचकाने हा प्रश्न दूरच्या मुलखाचा समजू नये. सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात केला, तेव्हाही पुष्कळ देवराया तोडल्या जात होत्या, आणि आजही कित्येकांची नोंद सातबाऱ्यावर निव्वळ पोटखराबा किंवा गावठाणालगतची पडीक अशीच आहे. सर्वेक्षण विभागाच्या खुल्या मालिकेतील नकाशे आता कोणाही नागरिकास संगणकावरून उतरवून घेता येतात. आपल्या गावाचे पान मिळवावे. गावातील वृद्धांना, गुराख्यांना, धनगरांना बरोबर घेऊन देवराईच्या कडेने एकदा चालावे. ती हद्द त्या पानावर रेखून, चालणाऱ्यांच्या सह्या-अंगठे घेऊन, एक प्रत ग्रामपंचायतीच्या आणि एक तलाठ्याच्या दप्तरी दाखल करावी, आणि त्या दाखल्याची पोच मागून घ्यावी.